साळुंकीची शिष्या

एका राज्यात अरिंदम नावाचा राजा होता, आणि एके दिवशी भर दुपारी, सगळ्या प्रजेसमक्ष, त्याने करू नये ते केले.

त्या साली नदी आटली. पात्राच्या मधोमध एक तांब्याची पेटी उघडी पडली. पेटीवर नाग कोरलेला, झाकणावर शिक्का मारलेला. राजमांत्रिक शंभुनाग हात जोडून म्हणाला, "महाराज, हे यक्षाचे धन आहे. याला शिवू नये."

"माझ्या नदीत सापडले ते माझेच," राजा म्हणाला. त्याने शिक्का फोडला, आत हात घातला आणि पाचूंचा हार वर उचलला. जयजयकार करायला लोकांनी तोंडे उघडली, ती उघडीच राहिली. राजाच्या पायांची दहाही बोटे दगडाची झाली होती.

राजाला पालखीतून आणून सिंहासनावर बसवले. झाकणाच्या आतल्या बाजूस अक्षरे होती. ती शंभुनागाने मोठ्याने वाचली. "हे धन उचलील तो पाषाण होईल. त्याच्या रक्ताचे माणूस गाणे शिकून त्याच्यासमोर गाईल, तरच तो सुटेल."

राजाला एकुलती एक लेक होती, कनकलेखा. ती घोडा फेकी, तलवार चालवी. गाणे मात्र तिच्या गळ्यातून कधी निघाले नव्हते.

"मी शिकेन," ती म्हणाली. "कोणाकडे जाऊ?"

"शिकवणारे तिघे आहेत," शंभुनाग म्हणाला. "उत्तरेच्या कड्यावर आचार्य धरणीधर, ते पोथीवरून शिकवतात. पूर्वेच्या वनात बोलकी साळुंकी, ती कानाने शिकवते. दक्षिणेच्या सरोवरात जलयोगिनी, ती वीणेवर हाताने शिकवते."

"तिघांत श्रेष्ठ कोण?"

"तिघांचेही शिष्य गातात, राजकन्ये."

हे उत्तर तिला पुरले नाही. पण थांबायला वेळ नव्हता. ती उत्तरेला गेली.

आचार्य कड्याच्या टोकावर, वाऱ्यात न हलणाऱ्या पोथीसमोर बसले होते. त्यांनी तिला स्वरांची नावे, त्यांची घरे, त्यांची नाती वाळूवर लिहायला लावली. तिने नऊ दिवस लिहिले. दहाव्या दिवशी तिच्या मनात आले, लिहून का कोणी गायला शिकते? साळुंकीकडे लवकर येत असेल. ती आचार्यांना नमस्कार करून उठली.

पूर्वेची वाट राजधानीतून जात होती. ती पित्याच्या दर्शनाला गेली आणि दारातच थबकली. दगड गुडघ्यापर्यंत चढला होता.

"नऊच दिवसांत?" ती किंचाळली.

राजा बोटांवर दिवस मोजत होता. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिले.

ती पूर्वेला धावत सुटली. वनात अर्जुनाच्या झाडावर साळुंकी बसली होती. तिने नमस्कार-चमत्कार काही केले नाही. तिने एक ओळ गायली आणि म्हणाली, "म्हण." कनकलेखाने म्हटली. "चुकली. म्हण." दिवसभर हेच. अकरा दिवस हेच. मग राजकन्येच्या मनात आले, पाखराच्या मागे बोलून काय विद्या येते? स्वर कोणता, तो तिथे का, हे तर मला ठाऊकच नाही. वीणेवर निदान बोट कुठे ठेवायचे ते दिसते. ती उठली. साळुंकीने मान वाकडी करून विचारले, "चाललीस?" ती मान खाली घालून निघाली.

राजवाड्यात आली तेव्हा दगड कमरेला भिडला होता. राणीवशातल्या दासी भिंतीला टेकून रडत होत्या.

सरोवरात जलयोगिनी पाण्यावर मांडी घालून बसली होती. तिने राजकन्येच्या हाती वीणा दिली आणि एकच तार छेडायला सांगितली. तार ओली होती तरी ती बोटे कापी. सात दिवसांत बोटे सोलून निघाली. आठव्या दिवशी तिला वाटले, आचार्यांचेच बरोबर होते, आधी पोथी हवी. तिने वीणा खाली ठेवली.

या वेळी दरबारात शिरताच ती थेट सिंहासनापाशी गेली. पित्याची छाती दगडाची झाली होती. तिने हात लावून पाहिला. गार, खडबडीत, नदीतल्या धोंड्यासारखी. त्यावर पित्याचे जिवंत तोंड होते आणि ते तिच्याशी बोलत होते.

"लेकी, ऐक. दोनदा मला शंका आली, आज खात्री झाली. तू शिकत होतीस तोवर दगड तसूभर हलला नाही. मी दिवस मोजले आहेत. तू ज्या ज्या दिवशी गुरूपुढून उठलीस, त्या त्या दिवशी तो चढला."

कनकलेखाला सगळे उमगले. बापाला दगड करणारे शापित धन एक, आणि दुसरी आपण! तिच्या कानांत सगळा दरबार घोंगावू लागला.

"मग मी कोणाकडे जाऊ ते सांगा, बाबा. या वेळी चुकले तर..."

"मला गाण्यातले काही कळत नाही, बाळ."

ती वेशीबाहेर तिठ्यावर आली. एक वाट उत्तरेला, एक पूर्वेला, एक दक्षिणेला. घोडा उभा, ती उभी. सूर्य डोक्यावर आला तरी तिचा पाय उचलेना. तेवढ्यात मागून स्वार दौडत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"राजकन्ये, दगड हनुवटीला लागला! महाराजांना आता बोलता येत नाही!"

उभे राहणे हेही उठून जाणेच होते. हे तिला आता कळले.

कोणती वाट श्रेष्ठ, हा विचार तिने टाकला. तिघांकडून आपल्यापाशी काय उरले, ते ती आठवू लागली. आचार्यांच्या स्वरांची नावे आठवली, पण त्यांचे नाते पुसले गेले होते. तारेवर हात कुठे चुकतो ते तिला सांगता येईना. मग तिने साळुंकीची ओळ म्हणून पाहिली. दुसऱ्या शब्दावर आवाज घसरला, आणि तो तिथे घसरला हे तिचे तिलाच ऐकू आले.

"माझी चूक मला जिथे कळते, तिथेच मी शिकेन," ती म्हणाली आणि तिने घोडा पूर्वेला फेकला.

साळुंकी त्याच फांदीवर होती. ती रागावली नाही, हसली नाही. "दुसऱ्या शब्दापासून धर," म्हणाली.

त्या दिवसापासून कनकलेखा झाडाखालून हलली नाही. महिन्यांमागून महिने गेले. शंका येत. एकदा आचार्यांचे शिष्य पोथ्यांचा भारा घेऊन वनातून गेले, तेव्हा तिचे मन त्यांच्यामागे कोसभर गेले. ती मात्र गात राहिली. एकदा तिचा आवाज आठ दिवस बसला. ती आठ दिवस नुसती ऐकत बसली.

एके सकाळी साळुंकीने ओळ गायली आणि कनकलेखा दचकली.

"माते, तुम्ही चुकलात! तो स्वर खाली हवा."

"मुद्दाम चुकले," साळुंकी म्हणाली. "आता जा. बाप ताटकळला आहे."

दरबार भरला. हनुवटीच्या वरचा चेहरा तेवढा अजून जिवंत होता आणि त्यातले दोन डोळे तिच्यावर खिळले होते. कनकलेखा गाऊ लागली. पहिली ओळ नीट गेली. दुसरीत तिचा आवाज मध्येच फाटला. सभेने श्वास रोखला, शंभुनागाने डोळे मिटले. राजकन्या थांबली, तिने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली आणि शेवटापर्यंत नेली.

कडाड् असा आवाज झाला. हनुवटीचा दगड तडकला, छातीचा फुटला, कमरेचा, गुडघ्यांचा ढासळला. सिंहासनाखाली धोंड्यांचा ढीग पडला. त्यातून राजा अरिंदम उठून उभा राहिला आणि आपलेच हात परक्याचे असावेत तसे पाहू लागला. त्याच क्षणी पाचूंच्या हाराची वाळू झाली आणि तांब्याची पेटी जमिनीत विरून गेली. नदीला पाणी आले. ते आल्याची बातमी नावाड्यांनीच ओरडत आणली.

राजाने लेकीला पोटाशी धरले. नगरभर नौबत वाजवा, हत्ती शृंगारा, राजकन्येला मिरवा, असा त्याने हुकूम सोडला.

"मिरवणूक संध्याकाळी काढा, बाबा," कनकलेखा डोळे पुसत म्हणाली. "दुसरी ओळ अजून फाटते आहे. मी वनात जाऊन येते."