लाल गाठी आणि मिठाच्या गोण्या

फार वर्षं झाली, एका घाटमाथ्यावर राजाचा जकात नाका होता. पायथ्याशी तोलून, वजनाची चिठ्ठी देऊन मोहोर लावलेला माल तिथे पुन्हा तोलायचे. वजन चिठ्ठीबरहुकूम भरलं तर गोणी न उघडता सोडायची. जास्त भरलं तर वाटेत चोरून माल घातला असं धरायचं आणि बैलाच्या दाव्याला एक लाल गाठ मारायची. तिसऱ्या गाठीला बैल सरकारजमा.

पण गाठी वाढत चालल्या आणि जकात घटत चालली. राजा म्हणाला, “दंड कमी पडतोय. दुसऱ्याच गाठीला बैल घ्यावा का, बघून या.” आणि त्याने दरबारातल्या अंताजीपंतांना धाडलं. पंत भारी चौकस. आमटीत काय काय घातलंय हे विचारल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत.

साध्या वेशात ते पायथ्याला गेले. तिथे मीठ विकणारी ठकू गोणी लादत होती. तिच्या एकुलत्या बैलाच्या दाव्याला दोन गाठी होत्या.

“बाई, आणखी एक बसली तर?”

“तर मग मीच बैल,” ठकू म्हणाली. “धुक्याच्या दिवसांतच बसतात मेल्या. का ते देवाला ठाऊक.”

पंतांचे कान टवकारले. त्यांनीही एक मिठाची गोणी तोलून, मोहोर लावून घेतली, भाड्याच्या बैलावर लादली आणि तिच्याबरोबर घाट चढायला लागले. पुढे एका शेठचे वीस बैल मीठ घेऊन चालले होते, सगळ्यांची दावी कोरी. धुकं असं, की बैलाचं शेपूट दिसेना. दोन मुक्काम झाले. नाका जवळ आला तसा शेठचा गडी मागे येऊन ठकूच्या कानाला लागला, “मोहोर सैल कर, चार-पाच ओंजळी काढून टाक. सुटशील.”

ठकू बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. “मोहोर फोडली तर मी खरीच चोर ठरेन,” ती म्हणाली आणि चालायला लागली.

नाक्यावर शेठच्या विसाही गोण्या चिठ्ठीबरहुकूम भरल्या. नाकेदाराने त्याला विडा दिला. पंतांची गोणी मात्र दोन शेर जास्त भरली. ठकूचीही तेवढीच. नाकेदाराने लाल दोरा काढला.

“थांबा,” पंत म्हणाले आणि त्यांनी राजाची अंगठी दाखवली. “माझ्या गोणीला मी हात लावलेला नाही. मीठ धुकं प्यालं, म्हणून जड झालं. मग शेठजी, तुमचंच मीठ तहानलेलं कसं राहिलं?”

शेठ बैलांच्या आड सरकायला लागला. गोण्या उघडल्या. वर चार बोटं मीठ आणि खाली मेणकापडात गुंडाळलेलं, मिठाच्या दहापट जकातीचं रेशीम.

नाकेदार ओशाळला. “पंत, इतकी वर्षं मी वजनच बघत होतो हो.”

“राजेसाहेबही गाठीच मोजत होते,” पंत म्हणाले.

त्या दिवसापासून धुक्यातल्या मिठाला दोन शेरांची सूट मिळाली आणि वजन तंतोतंत जुळलं तरी गोण्या उघडून बघू लागले. ठकूच्या दाव्याच्या गाठी ओलीने घट्ट बसल्या होत्या. पंतांनी त्या दातांनी सोडवल्या.

तात्पर्य: दंड वाढवायच्या आधी, ज्याला दंड झाला त्याच्याबरोबर एकदा घाट चढून बघावा.