वैद्यबुवांची मान

एकदा एका वृद्ध वैद्याकडे कुमुद नावाची तरुणी नाडीपरीक्षा शिकत होती. वैद्यबुवा मनाने भले. मुलगी म्हणून विद्या देताना त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. तीन वर्षांत तिची बोटे इतकी तयार झाली, की रोग्याची नाडी तिनेच पाहावी आणि पथ्यही तिनेच सांगावे, असा दवाखान्याचा रिवाज पडला.

रिवाजाला एक शेपूट मात्र होते. कुमुदने पथ्य सांगितले, की रोगी तिच्या खांद्यावरून मागे बसलेल्या वैद्यबुवांकडे पाही. ते हसून मान डोलावत. मग रोगी म्हणे, "हां, मग ठीक आहे." उद्धटपणा कुणी करीत नसे. उलट "हुशार आहे हं मुलगी!" असे कौतुक करून, लग्नाची चौकशी करून जात. तक्रार करायची तरी कशाची?

एके सकाळी कुमुद आली, तेव्हा वैद्यबुवा भिंतीकडे तोंड करून खलात औषध घोटत होते. तिने नमस्कार केला; ते नुसते "हं" म्हणाले. तिच्या मनात पाल चुकचुकली.

तेवढ्यात एक व्यापारी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आला. आधीच्या तीन खेपांना त्याने आग्रहाने वैद्यबुवांकडूनच तपासून घेतले होते. त्यांनी अळणी खायला सांगितले होते, तरी पायांची सूज उतरत नव्हती. कुमुदने नाडी पाहिली, सूज दाबून पाहिली आणि म्हणाली, "पथ्य मोडतंय. यांच्या पोटात मीठ जातंय."

"छे, घरात सगळं अळणीच असतं," असे म्हणत व्यापाऱ्याने सवयीने मागे पाहिले. तिथे नुसती पाठ होती. "वैद्यबुवा, ही म्हणते ते बरोबर का हो?"

खलाचा आवाज चालूच राहिला. व्यापाऱ्याचे डोळे बारीक झाले. "बाई, तुम्ही अजून शिकताय ना? पुन्हा एकदा बघा बरं."

कुमुदने पुन्हा नाडी धरली. उत्तर तेच आले, पण आता तिला स्वतःच्याच बोटांचा संशय येऊ लागला. गुरुजींना माझी चूक दिसली असेल का? की त्यांचा माझ्यावर भरवसा कधी नव्हताच? 'गुरुजींना विचारून सांगते' हे शब्द अगदी ओठांवर आले. ते उच्चारले, तर यापुढे आपण कायम विचारूनच सांगणार, हे तिला कळत होते आणि रडू येत होते.

ती व्यापाऱ्याला सोडून म्हातारीकडे वळली. "आजी, तुम्ही सांगा. मीठ कशातून जातं?"

म्हातारीने आधी मुलाकडे पाहिले, मग हळूच म्हणाली, "दुपारी सगळे निजले की लोणच्याच्या दोन फोडी खाते गं. अळणी घास घशाखाली उतरत नाही."

"अगं आई, मग आधी बोलली का नाहीस?"

"मला विचारलं कुणी? वैद्यबुवा तुला विचारतात आणि तू सांगतोस."

खल थांबला.

माणसे गेल्यावर कुमुद संतापून म्हणाली, "माझं काय चुकलं होतं, म्हणून पाठ फिरवलीत?"

"तुझं नाही, माझ्या मानेचं चुकलं," वैद्यबुवा म्हणाले. "मला वाटायचं, मान डोलावून मी तुला आधार देतोय. पण त्यामुळे लोक तुझा शब्द ऐकायला शिकलेच नाहीत. ते माझ्या मानेची वाट बघत राहिले. तेही मी चालवून घेतलं असतं. काल मात्र पथ्य सांगण्याआधी तूच वळून माझ्याकडे पाहिलंस. तेव्हा मी घाबरलो."

कुमुदचा राग अर्धाच निवळला. "आणि आजींना तीन खेपांत एकदाही का नाही विचारलंत?"

इतक्या वर्षांत किती बायकांची दुखणी आपण त्यांच्या मुलांच्या आणि नवऱ्यांच्या तोंडून ऐकली, ते वैद्यबुवांना एकेक आठवू लागले.

दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ पत्नीला घेऊन आला. "हिला काय होतंय, मी सांगतो," त्याने सुरुवात केली.

"थांबा," वैद्यबुवा म्हणाले. "बाई, तुम्ही सांगा."

बाईने नवऱ्याकडे पाहिले. वैद्यबुवा थांबून राहिले. ती बोलू लागली, तेव्हा कुमुदने मागे न पाहता तिचा हात हातात घेतला.

घरात किंवा कचेरीत एखादी तरुण मुलगी बोलत असताना आपली नजर कुणाच्या मानेकडे जाते, एवढा संशय ज्याने त्याने स्वतःचा घ्यावा.