लेक माहेरी आली

सांगलीच्या शोरूममध्ये नवी एसयूव्ही देताना मॅनेजर खर्डेकर डोळे पुसत म्हणायचे, “आमची लेक देतोय, सांभाळा!” सुमित्रा आवटींनाही त्यांनी गाडी तशीच दिली.

पुढं कंपनीनं कळवलं, की या गाड्यांच्या वायरिंगमध्ये दोष आहे, त्या पेट घेऊ शकतात, दुरुस्तीला आणा. बाईंनी कधीही विचारलं की खर्डेकर म्हणायचे, “पार्ट आला नाही. तोवर गाडी घरापासून लांब लावा.”

एका सकाळी बाईंनी गाडी शोरूमच्या काचेच्या दारातच लावली.

खर्डेकर धावत आले. “अहो, इथं पेटली म्हणजे?”

“लेकीच्या अंगात कणकण आहे, म्हणून माहेरी आणलीय,” बाई म्हणाल्या. “बरी झाली की कळवा, न्यायला येईन.”

दुपारपर्यंत आणखी सहा लेकी माहेरी आल्या. मग पार्टही कुठूनसा उगवला.

हल्ली खर्डेकर गाडी देताना नुसती चावी देतात.