असे दिसून येते

“कोणाला दिसून आलं?”

विश्वंभर वाचता वाचता थांबला.

“काय, बाबा?”

“आत्ता वाचलंस ना. ‘असे दिसून येते.’ कोणाला दिसून आलं?”

“ती लिहायची पद्धत आहे, बाबा. शोधनिबंधात ‘मला’ म्हणत नाहीत.”

“बरं. वाच.”

विश्वंभर काळमेघ जिल्ह्याच्या गावी कॉलेजात मराठी शिकवायचा. पूर्णेच्या काठी असलेल्या या मठात तो विद्यार्थी असल्यापासून येई. जुन्या पोथ्यांचं अक्षर लावायला त्याला मठाच्या सारंगधरबाबांनीच शिकवलं होतं. आता विद्यापीठात मोठं चर्चासत्र भरणार होतं. तिथं वाचलेले निबंध पुढं ग्रंथात छापले जाणार होते. आपला निबंध आधी बाबांना ऐकवावा, आशीर्वाद घ्यावा, म्हणून तो आला होता.

शाबासकीही हवी होतीच.

मठाच्या पोथ्यांत एक वचन होतं. रानात वाट चुकलेल्या एका पंडितानं विचारलं, तुम्ही इथवर कसे पोचलात? उत्तर मिळालं, ‘मी थांबलो, तेव्हा वाट चालू लागली.’ हे उत्तर मठाच्या मूळपुरुषाचं, असंच सगळे धरून चालले होते.

विश्वंभरचा निबंध सांगत होता, की सगळ्यांत जुन्या पोथीत ‘थांबलो’ नाही, ‘थांबले’ आहे. पुढं नक्कल करणाऱ्या कुणीतरी एक काना जास्त दिला. वचन मूळपुरुषाचं नव्हेच. त्याच्यासोबत रानात असलेल्या शिष्येचं आहे.

वाचून झालं. बाबा पुढं सरकून बसले.

“एक काना...” ते म्हणाले. “जन्मभर मी तो काना देऊन म्हणत आलो.”

त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता. विश्वंभरनं मान खाली घातली. शाबासकी घेताना घालावी तशी.

“तीच पोथी मी कितीदा सोडली, कितीदा बांधली. माझ्या डोळ्यांखालून गेलं, पण दिसलं नाही. तुला कसं दिसलं रे?”

“दिसलं, बाबा.”

“तसं नाही. नीट सांग. आधी काय खटकलं? कोणत्या ओळीवर थांबलास?”

विश्वंभरनं तोंड उघडलं...

आणि त्याला काहीच सांगता येईना.

बाबा वाट पाहत होते. खोडून काढायला म्हणून त्यांनी विचारलंच नव्हतं. त्यांना खरोखर ऐकायचं होतं. म्हणूनच विश्वंभरला थाप मारता आली नाही.

“बाबा... ते रत्नमालाताईंना दिसलं.”

“आपल्या तायडेबाईंना?”

“हो.”

रत्नमाला तायडे शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. पन्नाशीला आल्या होत्या. नोकरी सांभाळून त्या प्रबंध लिहीत होत्या, आणि सुटीच्या दिवशी मठाच्या ओसरीवर पोथी घेऊन बसत. मागच्या हिवाळ्यात एकदा विश्वंभर तिथंच बसला होता. बाईंनी पोथीवरून मान वर केली आणि म्हणाल्या, “सर, हे बघा बरं. ही बाई बोलतेय.” मग दुपारभर त्या समजावून सांगत राहिल्या. विश्वंभर ऐकत राहिला.

“मग निबंधात तिचं नाव कुठं आलं? मला ऐकू कमी येतं हल्ली.”

“नाही आलं.”

“का?”

“त्यांनी ते कुठं छापलेलं नाही, बाबा. बोलण्याच्या ओघात सांगितलं. छापलेलं नसलं की संदर्भ देता येत नाही.”

“तिनं सांगितलं, तू ऐकलंस. एवढं लिहिता येत नाही?”

“... येतं.”

 विश्वंभरला राग आला. स्वतःचा आला असावा, पण निघाला बाबांवर.

“तुम्हीच सांगत आलात ना, ‘माझं’ म्हणून काही नसतं? मग विचार कोणाच्या मालकीचा कसा? आज त्यांना सुचला, उद्या मला सुचला असता. वारा कोणाच्या अंगणातून आला, हे कोण विचारतं?”

“बरोबर,” बाबा म्हणाले.

विश्वंभरला हे अपेक्षित नव्हतं.

“अगदी बरोबर बोललास. पहिल्या पानावर वरती काय लिहिलंय?”

“निबंधाचं नाव.”

“त्याच्याखाली?”

“... माझं नाव.”

बाबांनी बैठकीशेजारचा पेन उचलून त्याच्यापुढं धरला.

“खोड.”

“निनावी निबंध कोणी घेत नाहीत, बाबा.”

“मी कुठं संपादक आहे? इथं, माझ्यासमोर खोड. घरी जाऊन दुसरी प्रत काढ.”

विश्वंभरनं पेन घेतला. टोक स्वतःच्या नावावर टेकवलं. शाईचा एक ठिपका उमटला, आणि तो फुगत गेला. हात पुढं सरकेना.

 ओसरीसमोरच्या कडुनिंबावर पोपटांचा कलकलाट चालला होता.

विश्वंभरनं पेन खाली ठेवला.

“त्यांचा प्रबंध अजून द्यायचा आहे,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “उन्हाळ्यात देणार आहेत. त्यात हेच मुख्य प्रकरण आहे.”

“आणि तुझा ग्रंथ?”

“त्याआधी येईल.”

“मग लोक काय म्हणतील?”

“... म्हणतील, बाईंनी काळमेघ सरांचं उचललं.”

हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं, असं नाही. पण मोठ्यानं त्यानं ते पहिल्यांदाच ऐकलं.

तो उठून ओसरीच्या टोकाला गेला. तिथं बसून त्यानं शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं, आणि परत आला.

“हे चालेल का, बाबा? ‘या निबंधासाठी श्रीमती रत्नमाला तायडे यांचे मोलाचे सहकार्य लाभले. त्यांचे मनःपूर्वक आभार.’”

“सहकार्य म्हणजे? चहा केला होता का तिनं?”

“नाही...”

“मग आभार कशाचे?”

विश्वंभरनं कागदांची घडी घातली, शबनम पिशवीत टाकली, दंडवत केला आणि निघाला. बाबांनी कुठं चाललास, हे विचारलं नाही.

शाळा सुटली होती. रत्नमालाबाई वर्गाच्या खिडक्या लावत होत्या. विश्वंभरला दारात पाहून त्यांचा हात कडीवरच थांबला.

“या ना, सर.”

तो मुलांच्या बाकावर अवघडून बसला. पाठ करून आणलेलं सगळं विसरला.

“ताई, चर्चासत्रात मी जो निबंध वाचणार आहे...”

“मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “कार्यक्रमपत्रिका आली आमच्या मार्गदर्शकांकडे. तुमच्या निबंधाचं नाव वाचलं मी.”

“तुम्ही काही बोलला नाहीत.”

“काय बोलणार? माझ्याजवळ काय पुरावा? ओसरीवर आपण दोघंच होतो.”

त्या खुर्चीवर बसल्या. टेबलावरचा खडूचा चुरा हातानं एका बाजूला सारत राहिल्या.

“तुम्ही मोठे आहात, तुमचं छापलं जातं. पहिले चार दिवस मी जेवले नाही नीट. मग ठरवलं, ते प्रकरण काढून टाकायचं. चोर म्हणवून घेण्यापेक्षा प्रबंध लहान झालेला बरा. कालपासून तेच करतेय. वाक्यावाक्यातून ती बाई काढतेय.”

विश्वंभरला वर बघवेना.

“नका काढू,” तो म्हणाला. “ताई, मी चोरलं. मी सर्वांसमोर सांगेन.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

“सांगाल? इथं, या वर्गात सांगणं सोपं आहे, सर.”

“तुम्ही या तिथं. माझ्या वेळात तुम्ही वाचा.”

“मला कोणी बोलावलेलं नाही.”

“मी बोलावतो.”

 बाईंनी उठून राहिलेली खिडकी लावली.

“विचार करते,” त्या म्हणाल्या.

चर्चासत्राला आल्या त्या. सुती साडी, काखेत पिशवी, सभागृहाच्या अगदी मागच्या रांगेत. विश्वंभरनं व्यासपीठावरून त्यांना शोधलं. संयोजकांना तो सकाळीच भेटला होता. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या होत्या आणि म्हटलं होतं, “तुमच्या वेळेचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. आम्ही काही बोलणार नाही.”

त्याचं नाव पुकारलं गेलं.

“पत्रिकेत माझ्या नावापुढं जो शोध छापला आहे, तो माझा नाही,” तो म्हणाला. “तो श्रीमती रत्नमाला तायडे यांचा आहे. मागच्या हिवाळ्यात मठाच्या ओसरीवर त्यांनी तो मला सांगितला. मी त्यांना न विचारता, त्यांचं नाव न घेता, माझा म्हणून लिहिला. त्या इथं आहेत. माझा वेळ त्यांचा आहे.”

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षस्थानी एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. त्यांनी चष्मा काढला.

“मग काळमेघ, तुमचा निबंध कोणता?”

“माझ्याकडे निबंध नाही, सर.”

कुणीतरी हसलं. पाठोपाठ आणखी काही जण हसले. विश्वंभरचे कान तापले. तो खाली उतरला. रिकामी खुर्ची मागच्याच रांगेत होती, ती बाईंची. तो तिथं जाऊन बसला.

रत्नमालाबाई सुरुवातीला अडखळल्या. माईकपासून लांब उभ्या राहिल्या. मग पोथीचं छायाचित्र पडद्यावर आलं, आणि त्या वर्गात बोलाव्या तशा बोलू लागल्या. ओळ कशी लावायची, काना कुठं वाढला, कोणत्या नकलेपासून वाढला. सभागृह शांत झालं. शेवटी त्या थोड्या थांबल्या.

“एक सांगायचं राहिलं. मधल्या काळातल्या एका पोथीत, या ओळीच्या बाजूला, समासात कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘येथे शंका आहे’. ते वाचलं म्हणून मी जुनी पोथी काढली. लिहिणाऱ्याचं नाव पोथीत नाही, मला ते सापडलं नाही. पण शंका आधी त्याला आली. उत्तर मी शोधलं. एवढंच माझं.”

टाळ्या वाजल्या. विश्वंभरनं वाजवल्या नाहीत. त्याचे हात मांडीवरच होते, आणि तो बाईंकडे पाहत होता. ज्यांनी शंकेचं श्रेयही देऊन टाकलं आणि हिसकावून घ्यायला काही ठेवलंच नाही, अशा बाईंकडे.

ग्रंथात बाईंचा निबंध छापला गेला. उन्हाळ्यात प्रबंधही गेला, पूर्ण. कॉलेजात काही दिवस स्टाफरूममध्ये विश्वंभर शिरला की बोलणी थांबत. नंतर तेही संपलं. बाईंनी त्याच्याशी लगेच पहिल्यासारखं बोलणं सुरू केलं नाही. दिवाळीनंतर एकदा ओसरीवर त्यांनी पोथी त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, “सर, हे अक्षर लागत नाही. तुम्हाला लागतं का बघा.”

त्यानं पाहिलं. त्यालाही लागलं नाही. दोघं दुपारभर त्यावर बसले.

वर्षभरानं विश्वंभरनं एक छोटं पुस्तक लिहिलं. मठातल्या पोथ्यांच्या नकला कोणी कोणी केल्या, त्याची हकीकत. प्रत्येक पानाखाली टिपा होत्या. कोणाकडून कळलं, कुठं वाचलं, काय नीट कळलं नाही, सगळं. छापायला देण्याआधी तो बाबांकडे आला.

“या खेपेला एकही ‘असे दिसून येते’ नाही, बाबा.”

बाबा हसले. “अर्पणपत्रिका कोणाला?”

“तुम्हालाच. आणि पहिल्या पानावर तुमचं वचन घातलंय. त्या दिवशी तुम्ही मला जे शिकवलंत ते.”

“वाच.”

विश्वंभरनं पान उलटलं. आवाज जरा भरून आला होता.

“‘ज्याचे त्याला देऊन टाक, म्हणजे तुझे तुला सापडेल.’ खाली तुमचं नाव.”



“हे मी केव्हा म्हणालो?”

“... शब्द अगदी हेच नव्हते, बाबा. अर्थ हाच होता.”

“असं होय.”

बाबांनी पुस्तकाचं पान हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं. ओळीच्या दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवला आणि पान त्याला परत दिलं.

“मग अवतरणचिन्हं काढ, बाप्पा.”