काजळीची हाक

फार फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा पृथ्वीवर गोष्ट सांगायला कोणी नव्हतं आणि ऐकायलाही कोणी नव्हतं.

तांबडा मंगळ आणि अवाढव्य गुरू यांच्या मधल्या काळोखात दगडांची एक मोठी वस्ती होती. लहानमोठे असंख्य दगड आपापल्या वाटेने सूर्याभोवती फिरत असत. तिथून सूर्य अगदी लहान दिसे. त्याचा उजेड पोहोचे, पण ऊब पोहोचत नसे.

त्या वस्तीत काजळी नावाची एक शिळा राहत होती. ती कोळशासारखी काळी होती. अंगावर पडलेला उजेड ती गिळून टाकी, त्यामुळे जवळून गेली तरी कोणाला दिसत नसे. तिच्या पोटात जन्मापासून बर्फ साठलेला होता. आणि तिच्याभोवती सतत एक इवलासा दगड फिरत असे, तितकाच काळा. ती तिची धाकटी बहीण, ठिकरी.

वस्तीत एक रिवाज होता. दुसऱ्याच्या वाटेजवळून जाताना आपलं नाव घेऊन हाक द्यायची. कुठून येतोय, कुठे चाललोय ते सांगायचं. मग समोरच्याने ओ द्यायची आणि जरा सरकून वाट करून द्यायची. चकाकणारे दगडसुद्धा हा रिवाज पाळत. काळ्या दगडांना तर हाकेवाचून दुसरा आधारच नव्हता.

काजळी मात्र कधी हाक देत नसे.

त्याला कारण होतं. काजळी आणि ठिकरी एका मोठ्या काळ्या शिळेचे तुकडे होते. ती शिळा म्हणजे त्यांची आई. एकदा आईने नेहमीसारखी हाक दिली, आणि हाक विरते न विरते तोच अंधारातून काहीतरी आलं आणि तिच्यावर आदळलं. आईचे तुकडे चहूकडे उडाले. त्यातले दोनच एकमेकींजवळ राहिले. तेव्हापासून काजळीच्या मनाने घेतलं होतं, की हाकेमुळेच आईचा ठावठिकाणा कळला. आई गप्प राहिली असती तर वाचली असती.

म्हणून तिने ठिकरीलाही तेच शिकवलं. कोणी आलं की गप्प बसायचं. काहीही झालं तरी गप्प बसायचं. ठिकरी गुणी होती. ताईचा शब्द ती मोडत नसे.

पण आपण गप्प बसल्याने भीतीही गप्प बसते असं थोडंच आहे? काजळीला लांबची प्रत्येक हाक स्वतःवर चाल करून येणारी वाटे. आपल्याला कोणी शोधत आहे असं तिला वाटे. खरं तर कोणालाच ती दिसत नव्हती.

एका फेरीत ती वाळूमावशीच्या वाटेत शिरली. वाळूमावशी फिकट रंगाची, अंगाने रेताड आणि तोंडाने फटकळ होती. तिच्यामागे तिची खड्यांची पिलावळ चालली होती. काजळी अगदी अंगाला चाटून गेली तेव्हाच मावशीला ती कळली. एक खडा जेमतेम बचावला.

"अगं ए कोळशाच्या कोठी," मावशी म्हणाली, "तोंड आहे ना तुला? की तेही आतून बर्फानं गोठलंय? आज माझ्या पोरांचं पीठ झालं असतं."

काजळी भीतीने आक्रसून गेली होती. ठिकरीला आज किती जवळून धोका होता, एवढंच तिला दिसत होतं. या गर्दीत आपला निभाव लागायचा नाही, असं तिने ठरवूनच टाकलं.

वस्तीच्या मधोमध एक रिकामी वाट होती. तिच्या अलीकडे दगड होते, पलीकडे दगड होते, पण त्या पट्ट्यात एक खडाही नव्हता. काजळी हळूहळू तिकडे सरकू लागली. तिची हालचाल शेजारच्या लोहकाकाने हेरली. तो सगळा लोखंडाचा होता, थोराड आणि जड. जवळच्या दगडाची जी हलकी ओढ अंगाला बसते, तिच्यावरून काळ्या दगडाची चाहूल ओळखायची सवय त्याला होती.

"काजळे, तिकडे कुठे निघालीस?" त्याने विचारलं.

कितीतरी काळाने काजळी ठिकरीखेरीज कोणाशी बोलली. तिथे कोणी नाही, म्हणून तिथे धोका नाही, असं ती म्हणाली.

"कोणी नाही हे खरं. का नाही, ते विचारलंस का?"

"का नाही?"

"मला ठाऊक नाही पोरी. गेलेलं कोणी सांगायला परत आलं नाही, एवढंच ठाऊक आहे." तो पुढे म्हणाला, "आणि तुझ्या आईचं म्हणशील, तर मी तेव्हा तिथेच होतो. तिनं हाक दिली होती. जो आदळला त्यानं दिली नव्हती."

काजळीने ते ऐकलं. पण भीती कधी उत्तरासाठी थांबत नाही. ठिकरीला घेऊन ती रिकाम्या वाटेवर उतरली.

तिथे विलक्षण शांतता होती. ना कोणाची हाक, ना कोणाची चाहूल. काजळी पहिल्यांदाच निर्धास्त झाली. ठिकरीने विचारलं, "ताई, इथे तर कोणीच नाही. इथे तरी बोलू का मी?"

"नको," काजळी म्हणाली. "सवय मोडते."

त्या वाटेवर एक वळण होतं. तिथे पोहोचताच बाहेरच्या बाजूने गुरू समोर आला आणि काजळीला किंचित ओढ बसली. कोणी हलकेच पदर ओढावा, तितकीच. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. पुढे गुरू पुन्हा भेटला तो त्याच वळणावर, आणि तशीच ओढ बसली. त्यानंतरही तो तिथेच भेटला.

वस्तीतल्या बाकी वाटांवर गुरू कधी इथे भेटे, कधी तिथे. एका वेळची ओढ दुसऱ्या वेळची ओढ पुसून टाकी. या वाटेवर मात्र तो नेमका एकाच ठिकाणी गाठे आणि एकाच दिशेने ओढे. त्यात त्याचा राग नव्हता आणि लोभही नव्हता. काजळी त्याला दिसलीही नसेल.

ओढ साठत गेली. काजळीची गोल वाट लांबट होऊ लागली. एका टोकाला ती सूर्याकडे झुकली, आणि तिथे गेल्यावर तिच्या पोटात काहीतरी सुटल्यासारखं झालं. तिच्या पाठीवर बारीक भेग पडली होती. भेगेतून पांढरी वाफ निघत होती. काजळी घाबरली. परत फिरायला हवं हे तिला कळलं, पण आता वाट तिच्या ताब्यात राहिली नव्हती.

पुन्हा ते वळण आलं. या वेळची ओढ मोठी होती. काजळीचं सगळं अंग हादरलं. हादरा ओसरल्यावर तिने नेहमीप्रमाणे ठिकरीची चाहूल घेतली.

ठिकरी नव्हती.

काजळीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळीकडे काळोख होता, आणि ठिकरी काळोखाच्याच रंगाची होती. आता काजळीला समजलं, की आपण वस्तीला कशा दिसत होतो. तिने कान देऊन ऐकलं. काहीच ऐकू आलं नाही. ठिकरी हरवली तरी गप्प राहणार होती, कारण काहीही झालं तरी गप्प बसायचं हे तिला ताईनेच शिकवलं होतं.

इतकी भीती काजळीला कधीच वाटली नव्हती. आजवर ती जिला भीती म्हणत आली होती, ती हिच्यापुढे काहीच नव्हती.

तिने हाक दिली. जन्मातली पहिली हाक, म्हणून ती चिरकी आणि वेडीवाकडी निघाली. "मी काजळी. रिकाम्या वाटेवर आहे. ठिकरे, कुठे आहेस?"

ओ आली नाही.

"ठिकरे, बोल. आता बोलायचं."

खूप लांबून, अगदी बारीक आवाज आला. "ताई, मी इथे आहे. मघापासून मला तुझी चाहूल लागतेय. पण तू गप्प राहायला सांगितलं होतंस."

ती हाक आणि ती ओ रिकाम्या वाटेच्या काठावरच्या लोहकाकाने ऐकली. ठिकरी त्याच्याजवळूनच वाहत चालली होती; तिची ओढ इतकी इवलीशी होती, की तिने तोंड उघडलं नसतं तर त्याला कळलंही नसतं. त्याने आपलं जड अंग तिच्या बाजूला झुकवलं. ठिकरी त्याच्या ओढीत आली, अडखळली आणि त्याच्याभोवती फिरू लागली.

"धरलंय गं हिला," तो ओरडला. "आता तू ये."

पण काजळीला येता आलं नाही. पुढच्या वळणावर गुरूच्या ओढीने तिला वस्तीबाहेर भिरकावून दिलं.

तेव्हापासून काजळी एका लांबच लांब वाटेवर फिरते. सूर्याजवळ गेली, की तिच्या पोटातला बर्फ वाफ होऊन मागे पसरतो आणि आकाशात पांढरी रेघ उमटते. जी जन्मभर लपली, ती आता सगळ्यांना दिसते. परतताना तिची वाट वस्तीतूनच जाते, आणि त्या वेळी तिची हाक सगळ्यांच्या आधी ऐकू येते.

"मी काजळी. आतून बाहेर चाललेय. ठिकरे, आहेस ना?"

"आहे, ताई."

वाळूमावशी आपल्या पोरांना बाजूला घेते. लोहकाका सरकून वाट देतो. काजळी कोणाला न लागता निघून जाते. दर वेळी तिची पांढरी रेघ आधीपेक्षा जरा बारीक झालेली असते. ठिकरीला ते दिसतं. ती त्याबद्दल काही म्हणत नाही, फक्त ताईचा आवाज पोहोचेनासा होईपर्यंत ओ देत राहते.

तात्पर्य: भीतीपोटी जो गप्प राहतो, तो संकटापासून लपत नाही, तो आपल्या माणसांना दिसेनासा होतो.