घोणसखिंडीतली कळशी

ऐका, ही गोष्ट खिंडीतून सडक गेली नव्हती तेव्हाची. वर धनगरवाडा होता, खाली बाजाराचं गाव आणि मधे घोणसखिंड. बायका लोणी-तूप डोक्यावर घेऊन बाजाराला जायच्या, आणि खिंडीत वाटमारे दबा धरून बसायचे. धनगरवाड्यातल्या म्हाळूआक्काची थोरली बहीण तिथंच गेली. लोण्याचं मडकं सोडीना, तेव्हा झटापटीत तिचा पाय कड्यावरून सुटला. मडकं मात्र काठावरच राहिलं, असं म्हणतात.

ते मडकं म्हाळूआक्काच्या डोळ्यांपुढून जन्मभर हललं नाही. ती वाड्यातल्या बायकांना शिकवू लागली. एकटीनं जायचं नाही. संशय आला तर मागं फिरायचं, त्यात कमीपणा नाही. मनगट धरलं, तर धरणाऱ्याच्या अंगठ्याकडून हिसडा द्यायचा, पकड तिथं कच्ची असते. तिच्या कमरेला कोयता असायचा, पण तिनं तो माणसावर कधी उगारला नाही. "मारीत बसलं की पळायचं ऱ्हातं," म्हणायची. आणि सगळ्यात आधी, हातातलं सोडायचं. पुरुष हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं?

एका बाजारी आक्का बायकांना घेऊन निघाली, तिची नवी सून लिंबाईही बरोबर होती. तिच्याकडे मेलेल्या आईनं दिलेली पितळी कळशी होती, तुपानं भरलेली. खिंडीत वाटमारे आडवे आले. एकानं लिंबाईचं मनगट धरलं, तशी तिनं दुसऱ्या हातानं कळशी उराशी आवळली.

"लिंबे, सोड ती."

"आईची हाय, आत्या."

"आईनं तुला कळशी राखाया जल्म न्हाई दिला."

लिंबाईनं रडत रडत कळशी सोडली. ती उतारावरून घणघणत निघाली. वाटमाऱ्याची नजर तिच्यामागं गेली, तेवढ्यात लिंबाईनं अंगठ्याकडून हात सोडवला आणि सगळ्या ओरडत पळाल्या. कळशीचा नाद दगडागणिक वाढत गेला. सात गावांना वाटलं, देवळाची घंटाच वाजतेय, आणि माणसं काठ्या घेऊन बाहेर पडली. वाटमारे पळाले ते पुन्हा दिसले नाहीत. कळशीही सापडली नाही. वारा सुटला की ती दरीत अजून घरंगळते, असं म्हणतात.

आता तिथून एसटी जाते. तरी नवी सून पहिल्यांदा बाजाराला निघाली की बायका खिंडीच्या तोंडाशी उतरतात. सून मूठभर ज्वारी दरीत टाकते आणि म्हणते, "सोडलं, आक्का." मग सासू तिचं मनगट घट्ट धरते. हात सुटला नाही तर त्या दिवशी बाजार नाही, दोघी घरी परततात आणि सासू पुन्हा शिकवते. सुटला, की आधी सासूच हसते.