तिसऱ्या खोलीतला भाडेकरू

एका कसब्यात लिंबाजी नावाचा एक तांबट राहत होता. राहत होता म्हणजे, लोक राहू देतील तेवढे दिवस राहत होता. तांब्याचा हंडा काही फुंकर मारून घडत नाही. त्याला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ठोके घालावे लागतात. बाजारातून जाता जाता ते ठोके ऐकायला बरे वाटतात, पण भिंतीपलीकडून ऐकू आले की चौथ्या दिवशी कपाळ उठतं. म्हणून लिंबाजीने अकरा वर्षांत नऊ खोल्या बदलल्या होत्या. आता नवव्या खोलीच्या मालकानेही सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत खोली रिकामी कर. नाहीतर तुझी ऐरण रस्त्यावर दिसेल."

दहावी खोली द्यायला कसब्यात कोणी तयार नव्हतं. स्वतःचं घर घेणं एवढा एकच मार्ग उरला.

वडाच्या आळीच्या टोकाला सगुणाबाई नावाच्या विधवेचं घर बारा वर्षं कुलूपबंद होतं. ती बिचारी लेकीकडे परगावी राहत होती. घराला लांबरुंद पडवी, मागे ओढा आणि समोर भाड्याच्या खोल्यांची एक ओळ. आळी लिंबाजीच्या ओळखीची होती. लग्नाआधी त्याने समोरच्याच एका खोलीत सहा महिने काढले होते. इतकं चांगलं घर इतकी वर्षं पडून का राहिलं, हे मात्र त्याने कोणाला विचारलं नाही. स्वस्तात मिळतंय ना, मग झालं! त्याने विसार दिला आणि कागदांचं काम त्र्यंबकपंत वकिलांवर सोपवलं.

त्र्यंबकपंत म्हणजे भला पण महासावकाश माणूस. त्यांच्या टाकावरची शाई कागदापर्यंत पोचेतो वाळते, असं लोक म्हणत. ज्येष्ठ सरला, आषाढ सरला, श्रावणही सरला. लिंबाजी दर आठवड्याला पंतांच्या ओसरीवर जाऊन उभा राही.

"पंत, कागद?"

"होतील. एक विचारायचं होतं तुला, लिंबाजी. बारा वर्षांपूर्वी त्या आळीत..."

"मला बारा वर्षांपूर्वीचं काही सांगू नका! बारा दिवसांत काय होईल ते सांगा!"

एवढं बोलून तो तरातरा निघून जाई. पंत तोंडातलं वाक्य पानाबरोबर गिळत. हाक मारून थांबवावं, चिठ्ठी पाठवावी, असं त्यांच्या मनात येई. पण मनात आलेलं पंतांच्या हातात यायला महिना लागे.

लिंबाजीची बायको शहाणी होती. ती म्हणाली, "शिव्या द्यायच्या त्या द्या, पण आधी ते काय विचारतात ते तरी ऐका."

लिंबाजीने ऐकलं नाही. दिवसभर ठोके ऐकणाऱ्याला दुसरं काही ऐकायची सवय राहत नसावी.

पितृपक्ष संपला. दसरा दहा दिवसांवर आला, तसा लिंबाजीचा धीर सुटला. तो थेट चावडीवर गेला आणि पाटलांपुढे त्याने बोंब मारली. बघता बघता गर्दी जमली. पंतांनाही बोलावणं गेलं आणि ते आपल्या चालीने, दप्तर काखोटीला मारून, यथावकाश आले.

"चार महिने!" लिंबाजी ओरडला. "चार महिने माझं घर अडलंय, पाटील. दसऱ्याला मी बायकोला घेऊन कुठे जाऊ? ज्याने कोणी माझं घर अडवलं असेल, त्याने मला स्वतःच्या घरात घ्यावं! त्याच्या पडवीत माझी ऐरण वाजली म्हणजे कळेल त्याला, माणसाचं घर अडवणं म्हणजे काय ते!"

लोक हसले. पाटील हसले नाहीत. "न्याय चांगला सांगितलास. मागाहून फिरणार नाहीस ना?"

"तांबटाचा ठोका मागे घेता येत नाही, पाटील."

"मग ठरलं. ज्याने घर अडवलं, त्याने अडलेल्याला आपल्या घरात जागा द्यायची. बोला, पंत."

पंतांनी दप्तर सोडलं. एक पिवळा पडलेला कागद काढला, चष्मा पुसला, आणि सांगायला लागले.

त्या कसब्यात एक जुना रिवाज होता. घर विकायचं ठरलं की दवंडी पिटायची. ज्याची हरकत असेल त्याने आठ दिवसांत कारकुनाकडे नोंदवायची. आणि एकदा नोंदवलेली हरकत, ज्याने घेतली त्यानेच चावडीवर येऊन मागे घ्यायची; तो सापडत नाही हे सिद्ध करायचं, तर संशय असलेल्या प्रत्येकाला नोटीस धाडावी लागे, आणि तेवढी खटपट कोणी करत नसे.

"या घरावर बारा वर्षांपूर्वीची हरकत आहे," पंत म्हणाले. "तेव्हा येसाजी तेली हे घर घेत होता. ही हरकत आली आणि सौदा मोडला. पुढे जो जो घ्यायला आला, तो तो हरकत पाहून परत गेला. कारकून असा आळशी, की त्याने नावसुद्धा लिहिलं नाही. नुसतं लिहिलंय, 'समोरच्या तिसऱ्या खोलीतला भाडेकरू.' त्या खोलीत तेव्हापासून सात भाडेकरू होऊन गेले. कोण कधी होतं त्याची नोंद नाही, म्हणून ज्यांची नावं कळली त्या एकेकाला शोधून मी नोटीस धाडतोय. जो तो म्हणतो, मी नव्हे. तू त्या आळीत राहिलास असं ऐकलं होतं, लिंबाजी. तिसऱ्या खोलीत तेव्हा कोण होतं, एवढंच तुला विचारायचं होतं."

मग त्यांनी हरकत वाचून दाखवली. "'घाण्याच्या कुरकुरीने माझी पहाटेची झोपमोड होईल. सबब माझी हरकत आहे.'"

ते ऐकून लिंबाजीला सगळं आठवलं.

तिसरी खोली त्याचीच होती. आणि ते वाक्यही त्याचंच होतं. त्या काळी दवंडी म्हणजे रिकामटेकड्या पोरांची जत्रा असे. कारकून पिंपळाखाली बसला की सगळे रांग लावून, जे सुचेल ते नोंदवत. लिंबाजीने हलवायाच्या भट्टीला हरकत घेतली होती, कोणाच्या तरी खिडकीला घेतली होती. तशीच ही एक, हातातला ऊस चघळता चघळता. मग तो जेवायला गेला होता आणि पुढच्या महिन्यात खोलीच सोडून गेला होता. आणि कसली पहाटेची झोप? त्या दिवसांत तर तो कोंबडं आरवायच्या आधी काम शिकायला उस्तादाच्या भट्टीवर हजर असे! त्या घाण्याची कुरकुर त्याच्या कानावर कधी पडलीच नसती. एवढ्याशा वाक्याने एक घर बारा वर्षं बंद राहिलं? आणि वर आपण तेच घर स्वस्तात मिळतंय म्हणून खूश झालो?

त्याने चोरून इकडेतिकडे पाहिलं. कोणालाच काही कळलं नव्हतं.

पंत सांगतच होते, "शेवटच्या नोटिशीची मुदत चार दिवसांत संपते. तोवर कोणी पुढे आलं नाही, तर माणूस सापडत नाही असं लिहू आणि हरकत सुटेल. दसऱ्याआधी घर तुझं, लिंबाजी."

म्हणजे नुसतं चार दिवस गप्प बसायचं. चार दिवस!

तेवढ्यात गर्दीतून एक वाळलेला म्हातारा पुढे आला. तो येसाजी तेली होता. "पाटील, मी काही मागत नाही," तो म्हणाला. "बारा वर्षं माझा घाणा उघड्यावर आहे. पावसाळ्यात चार महिने बंद असतो. तेवढे दिवस कसे जातात ते माझं मला ठाऊक. तो भाडेकरू कोण, ते मला कधी कळलं नाही. भेटला, तर एवढंच विचारीन म्हणतो, की बाबा रे, तुझी झोप झाली ना नीट?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर लिंबाजीला गप्प राहणं सोपं गेलं असतं.

"मीच तो," लिंबाजी म्हणाला. "तिसऱ्या खोलीत मीच होतो, येसाजीबाबा. आणि पहाटे मी झोपतच नव्हतो. मी ते उगाच नोंदवलं होतं."

गर्दीत उभ्या असलेल्या लिंबाजीच्या बायकोने तोंडाला पदर लावला.

पाटील आधी पंतांकडे वळले. "पंत, चार महिन्यांत एक चिठ्ठी याच्या घरी धाडता आली नाही तुम्हाला?"

"धाडणारच होतो," पंत म्हणाले.

"आणि लिंबाजी, न्याय तूच सांगितलास. आता मी निराळा कुठून आणू?"

लिंबाजीने मान खाली घातली. त्याने तिथेच हरकत मागे घेतली आणि दोन दिवसांत खरेदीखत झालं. पंतांच्या टाकावरची शाई म्हणे त्या दिवशी पहिल्यांदाच ओली असताना कागदाला लागली.

दसऱ्याला लिंबाजीने नव्या घराच्या दाराला तोरण लावलं. पडवीच्या एका टोकाला त्याची ऐरण बसली. दुसऱ्या टोकाला येसाजीचा घाणा बसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे घाणा कुरकुरला आणि लिंबाजी दचकून उठला. आता मात्र तो खरोखरच गाढ झोपेत होता. आपण नोंदवलेलं वाक्य बारा वर्षांनी अक्षरन् अक्षर खरं झालं, हे त्याच्या ध्यानात आलं. तो उठून पडवीत आला.

येसाजी बैलामागून फिरत होता. त्याने मायेने विचारलं, "लिंबाजी, झोप झाली ना नीट?"

लिंबाजीने टोपली उचलली आणि बैलापुढे पेंड ठेवली.

तात्पर्य: आपलं काम अडलं म्हणून दुसऱ्याच्या नावाने बोंब मारण्याआधी, आपण सहज गंमत म्हणून कोणाचं काय अडवून ठेवलं आहे ते आठवावं; आपल्या वाटेतला धोंडा पुष्कळदा आपणच टाकलेला असतो.